ओट्याखालचा वाइन फ्रिज आणि १८३४ साल

(या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे "अं..." आणि मध्येच भुंकणारा शेजारचा कुत्रा काढून टाकलाय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आहे वाइन फ्रिज. ओट्याखाली, ट्रॉलीच्या शेजारी बसणारा, काचेच्या दाराचा तो छोटा फ्रिज. आता तुम्ही म्हणाल, रत्नागिरीत बसून हा वाइन फ्रिजच्या गप्पा काय मारतोय? पण गेल्या वर्षभरात मला याबद्दल तीन जणांनी विचारलंय. एकजण मर्चंट नेव्हीत आहे, एकजण पुण्याहून वर्क फ्रॉम होम करायला गावी आलाय, आणि तिसरा माझा आतेभाऊ. तिघांचा प्रश्न एकच, "कुठला घेऊ?"

माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न वेगळा आहे आणि जवळपास दोनशे वर्षं जुना आहे. म्हणून आज आधी इतिहास आणि मग खरेदी. घाई असेल तर शेवटची दहा मिनिटं ऐका, पण मग "असं का?" असं विचारू नका.

एक साल, तीन शहरं

१८३४ हे साल लक्षात ठेवा. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या.

पहिली मुंबईत. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांमधून कापलेला बर्फ जहाजात भरून मुंबईच्या बंदरात उतरला.

दुसरी लंडनमध्ये. जेकब पर्किन्स नावाच्या मूळच्या अमेरिकन माणसाने बर्फ तयार करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. द्रव उडवायचा, त्याची वाफ दाबायची, परत द्रव करायचा, पुन्हा उडवायचा. आपल्या घरातला फ्रिज आजही हेच करतो.

तिसरी फ्रान्समध्ये. झां पेल्टिये हा आधी घड्याळजी होता, पुढे विज्ञानाकडे वळला. त्याने पाहिलं की दोन वेगळे धातू जोडून त्यातून वीज सोडली तर एक सांधा गार होतो आणि दुसरा तापतो. ना पंप, ना वायू.

आता आज कुठल्याही शॉपिंग ॲपवर जाऊन वाइन फ्रिज शोधा. दोन प्रकार दिसतील, कंप्रेसर आणि थर्मोइलेक्ट्रिक. म्हणजे पर्किन्स आणि पेल्टिये. १८३४ ची मॅच अजून चालू आहे, आणि तिचा निकाल तुमच्या ओट्याखाली लागणार आहे.

बर्फाचं जहाज

आधी मुंबईचा बर्फ, कारण ती गोष्ट भारीच आहे.

बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा माणूस. हिवाळ्यात तिथली तळी गोठतात. हा तो बर्फ चौकोनी लाद्यांमध्ये कापून घ्यायचा, लाकडाच्या भुशात गुंडाळायचा आणि गरम देशांत विकायचा. लोक आधी हसले त्याला. १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं तेव्हा त्यात साधारण १८० टन बर्फ होता. सुएझ कालवा तेव्हा नव्हता, तो झाला १८६९ मध्ये. त्यामुळे आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार महिन्यांनी जहाज पोचलं. तरी शंभरेक टन बर्फ शिल्लक होता! आपल्याकडे मिरकरवाड्याहून मासळीची थर्माकोलची पेटी घरी येईपर्यंत खाली पाणी सुटलेलं असतं. हा माणूस भुशाच्या जोरावर अर्ध्याहून जास्त माल जगाच्या दुसऱ्या टोकाला पोचवत होता.

पुढच्याच वर्षी बर्फ मुंबईत आला. गावातल्या बड्या लोकांची चंगळ झाली. जमशेटजी जीजीभॉय यांनी एका मेजवानीत पाहुण्यांना आइसक्रीम दिलं आणि यजमानांसकट सगळ्यांना सर्दी झाली, अशी गोष्ट सांगतात. पुढे फोर्टात बर्फघर बांधलं गेलं. मद्रासमध्येही बांधलं. मद्रासचं अजून उभं आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून त्याला आज विवेकानंद इल्लम म्हणतात. थोरोच्या 'वॉल्डन'मध्येही या धंद्याचा उल्लेख येतो. त्याच्या तळ्यावर बर्फ कापणारे आले, तेव्हा त्याला मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे लोक आठवले.

आता यातला मुद्दा पाहा. तो बर्फ साहेबाच्या ग्लासात, वाइनच्या बाटलीभोवती जायचा. बाटलीतली उष्णता शोषून घ्यायचा, पाणी व्हायचा आणि मोरीतून निघून जायचा. उष्णता कुठे गेली? पाण्याबरोबर घराबाहेर. बर्फाने घर तापत नाही.

फ्रिजने तापतं. हाच तो पहिला प्रश्न, मंडळी. उष्णता टाकणार कुठे? थंडी नावाची वस्तू कोणी बनवत नाही. फ्रिज काय करतो? आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि हे करताना स्वतः जेवढी वीज खातो तिचीही उष्णता त्यात मिसळतो. दार उघडा फ्रिज बंद खोलीत ठेवला तर खोली गार होत नाही, उलट तापते. विश्वास नसेल तर करून बघा. बिल तुमचं.

माठ कोकणात का रुसतो

हा प्रश्न आपल्या आजी-पणजीलाही माहीत होता, फक्त शब्द वेगळे. घाटावर, सोलापूर-नगरकडे, माठातलं पाणी मस्त गार होतं. रत्नागिरीत तोच माठ तेवढं गार करत नाही. कारण माठ बाहेरून पाझरतो, ते पाणी हवेत उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. घाटावरची हवा कोरडी, ती पाणी पटकन घेते. आपली हवा आधीच ओलाव्याने भरलेली. माठाने उष्णता टाकायची कुठे? हवा म्हणते, जागा नाही.

म्हणून कोकणातल्या घराने दुसरी युक्ती केली. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या, जाड भिंती. उतरतं कौलारू छप्पर. चारही बाजूंना पडवी नाहीतर खोल्या आणि मधोमध माजघर. उन्हाला तिथे पोचेपर्यंत तीन अडथळे. शेणाने सारवलेली जमीन. चुलीचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला. नीट बघितलं तर हे डेटा सेंटरचं डिझाइन आहे, गरम बाजू वेगळी आणि गार बाजू वेगळी. माजघर हे घराचं गार टोक. हे डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पर्किन्सची बाजू

पर्किन्सचं यंत्र चाललं, पण धंदा चालला नाही. खरी मागणी आली ती दारूच्या भट्ट्यांकडून, म्हणजे बिअरवाल्यांकडून. १८७० च्या दशकात म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे या इंजिनिअरने स्पाटेन नावाच्या ब्रुअरीसाठी थंड करणारी यंत्रं बसवली. बिअर मुरायला थंडावा लागतो आणि बर्फाच्या भरवशावर राहता येत नव्हतं. तेव्हा "पेयासाठी एवढं मोठं यंत्र कशाला?" असं कोणी म्हणालं तर सांगा, यंत्रच पेयासाठी मोठं झालंय.

आपल्याकडे भारतीय कंपनीने केलेला फ्रिज आला १९५८ मध्ये. गोदरेजने विक्रोळीत, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने. पुढची दोन-तीन दशकं फ्रिज म्हणजे दिवाणखान्यात ठेवायची वस्तू होती. वर लेसचं कापड, त्यावर फ्लॉवरपॉट. आपण हसतो त्याला. पण दिवाणखान्यात त्या फ्रिजला मागे मोकळी जागा मिळायची. मागची काळी जाळी आठवते? तिथूनच उष्णता बाहेर पडायची. फ्रिजच्या दृष्टीने जागा योग्यच होती.

पेल्टियेची बाजू

पेल्टियेच्या शोधाचं बरीच वर्षं काही झालं नाही. १८३८ मध्ये लेंझ या शास्त्रज्ञाने त्याने पाण्याचा एक थेंब गोठवून दाखवला. बस, एक थेंब. नीट उपयोग व्हायला १९५० चं दशक यावं लागलं, सेमीकंडक्टर आल्यावर.

आणि मग एक प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झाला. २०१० च्या सुमारास गोदरेजने 'छोटूकूल' काढला. वरून उघडणारा प्लॅस्टिकचा छोटा डबा, कंप्रेसर नाही, आत पेल्टियेची चिप आणि पंखा, १२ व्होल्टवरही चालणारा. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्या गावातल्या लोकांसाठी तो होता. दूध, भाजी, पाणी एक-दोन दिवस टिकावं एवढीच अपेक्षा. कल्पना खरंच सुंदर होती. जगभरच्या मॅनेजमेंटच्या वर्गांत तिच्यावर चर्चा झाली. पण गावात तो अपेक्षेसारखा रुजला नाही. पुढे तो शहरी ग्राहकाकडे, गाडीत आणि सहलीला न्यायची वस्तू म्हणून वळला.

याला किंमत, विक्री अशी कारणं होतीच. पण त्याचं भौतिकशास्त्र आपल्या कामाचं आहे. पेल्टियेची चिप 'अमुक अंश' असं वचन देत नाही. ती म्हणते, "बाहेर जे असेल त्यापेक्षा इतके अंश कमी." साध्या थर्मोइलेक्ट्रिक वाइन फ्रिजमध्ये हा फरक बऱ्याचदा १२ ते १५ अंशांचा असतो. युरोपातल्या २४ अंशांच्या खोलीत तो आरामात १२ वर येईल. रत्नागिरीत मे महिन्यात ३३ असतं आणि ओट्याखाली, शेजारी शेगडी, हवा कोंडलेली, तर ३८ सुद्धा होईल. ३८ वजा १५ म्हणजे २३. याला वाइन फ्रिज म्हणायचं की दिवा लावलेलं कपाट? आणि एवढं करून तो वीज जास्त खातो.

तेव्हा आपल्या किनाऱ्यावर ही मॅच पर्किन्सने जिंकली. कंप्रेसरच घ्या. थोडा आवाज करेल, करू दे.

तेरा अंशांची गोष्ट

आता वाइनचं. महाराष्ट्रात वाइन काही कालची नाही. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला इंडेज उभी केली आणि तिथली फसफसणारी वाइन परदेशात गेली. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं आणि नाशिकचा नकाशाच बदलला. (जाता जाता एक: १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून आहे. घरी बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, वयाची अट आहे. फ्रिजच्या आधी तो कागद.)

वाइन साठवायला साधारण १२-१३ अंश चांगले मानतात. घरचा फ्रिज असतो ४-५ वर. तिथे आठवडाभर बाटली राहिली तर काही बिघडत नाही, महिनोन्‌महिने नको. आणि मे महिन्यात कपाटात ३३ वर तर नकोच, वाइन अकाली म्हातारी होते, शिजल्यासारखी लागते.

आता रत्नागिरीकरांनो, हा १३ आकडा ओळखीचा वाटतो का? हापूस! तयार पण हिरवा हापूस १२-१३ अंशांच्या खाली ठेवला की त्याला थंडी बाधते. साल काळपट पडते, नीट पिकत नाही, आत पांढरट राहतो. म्हणून निर्यातीच्या आंब्याची शीतगृहं साधारण १३ वर ठेवतात. म्हणजे नाशिकच्या बाटलीला आणि रत्नागिरीच्या आंब्याला एकच हवामान लागतं. आत्याला हे सांगितलं तर तिने लगेच विचारलं, "मग त्यात आंबे ठेवू ना?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर असं: आढीत पिकवून घ्या, मग पिकलेला आंबा १३ अंशांवर काही दिवस मस्त थांबेल. पण हिरवा आंबा तिथे पिकायला ठेवू नका, तो झोपून राहील. आणि आंब्याचा वास बंद कपाटात भरतो, ओलावा वाढतो, बाटल्यांची लेबलं सुटतात. शिवाय गंमत म्हणजे एप्रिल-मे हे आंब्याचे महिने, आणि त्याच महिन्यांत वाइनलाही थंडावा सगळ्यात जास्त हवा. दोघंही एकाच वेळी हक्क सांगणार. त्यामुळे आंबा आणि बाटली यांतलं एक ठरवा. आमच्या घरात कोण जिंकेल हे सांगायची गरज नाही.

ओटा कोणाच्या उंचीचा?

आता आतेभावाचं स्वयंपाकघर. जुनं घर, ओटा नव्याने होतोय. ग्रॅनाइट आणून ठेवलेला, सुतार माप मागतोय. दादाचं म्हणणं, शेगडीच्या उजव्या हाताला ६० सेंटिमीटर रुंदीचा फ्रिज बसवू. साधारण ४५-५० बाटल्यांचा.

आपण टेप घेऊन बसू. बाहेरच्या देशांतले ओट्याखालचे फ्रिज साधारण ८२ सेंटिमीटर उंच असतात, कारण तिथला ओटा ३६ इंचांचा. आपला ओटा असतो ३२ ते ३४. धरा ३३ इंच. त्यातून ग्रॅनाइट आणि खालचा कडप्पा मिळून दीड इंच वजा. उरले साडेएकतीस, म्हणजे ८० सेंटिमीटर. आणि आपल्याकडे जमीन धुवायची पद्धत, म्हणून ट्रॉलीखाली तीन-चार इंचांचा चौथरा. तो वजा केला की उरतात ७० सेंटिमीटर. ८२ चा फ्रिज बसणार कसा?

सुतार म्हणाला, सोपं आहे, चौथरा फोडू आणि ओटा ३६ इंचांचा करू. दादा तयार. पण त्या ओट्यावर रोज भाकरी थापणार कोण? आत्या. तिची उंची पाच फूट, आणि उजवा खांदा दोन वर्षं दुखतोय. तीन इंच ओटा वर गेला की पीठ मळताना प्रत्येक वेळी खांदा वर उचलायचा. तिने स्वतः काहीच म्हटलं नाही. फक्त "तुम्हाला बरं वाटेल तसं करा" म्हणाली. मराठी घरात या वाक्याचा अर्थ 'हो' नसतो, हे तुम्हाला सांगायला नको.

फ्रिजची उंची कॅटलॉगमध्ये मिळते. ओट्याची उंची मात्र तिथे उभं राहणाऱ्या माणसावरून ठरते. हा क्रम उलटा करू नका.

मग घ्यायचा कसा?

आता इतिहासातून निघालेली यादी. मोजकीच आहे.

एक. उष्णता कुठून बाहेर पडते ते बघा. मागून टाकणारा फ्रिज कोनाड्यात कोंबला तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा घेतो. लॅपटॉप गादीवर ठेवल्यावर पंखा कसा बोंबलतो, तसं. ओट्याखाली बसवायचा तर उष्णता पुढून, खालच्या जाळीतून टाकणाराच हवा. पुस्तिकेत 'बिल्ट-इन' लिहिलंय का वाचा, आणि ती जाळी फळीने झाकू नका.

दोन. क्लायमेट क्लास. मागच्या पट्टीवर अक्षरं असतात. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. आपल्याला एसटी किंवा टी. एन असेल तर मे महिन्यात तो दमणार. विक्रेत्याला माहीत नसतं, पट्टीला माहीत असतं.

तीन. बाटल्यांचा आकडा अर्धवट खरा. तो सरळ खांद्याच्या बोर्दो बाटल्यांवर मोजतात. फसफसणाऱ्या वाइनची बाटली जाड, ती घातली की आकडा घसरतो. आणि खरंच ४५ बाटल्या लागतात का? आपल्या बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात, मुरवत ठेवायच्या नसतात. ३० सेंटिमीटर रुंदीचा, १८-२० बाटल्यांचा फ्रिज पुष्कळ झाला. दोन तापमानांचे कप्पेही चैन आहे. एक कप्पा १२-१३ वर ठेवा. पांढरी वाइन प्यायच्या आधी थोडा वेळ नेहमीच्या फ्रिजमध्ये, लाल वाइन थोडा वेळ बाहेर. काम झालं.

चार. समुद्र आणि पाऊस. जून ते सप्टेंबर काचेच्या दारावर दव धरणार, म्हणून दुहेरी काच बघा. खारी हवा बिजागऱ्या आणि पत्रा खाते, म्हणून खालचे पाय स्टीलचे आणि जमिनीपासून थोडे वर.

पाच. वीज. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, आंबा पडला आणि ठिकठिकाणी वीज गेली. अशा वेळी भरलेला फ्रिज रिकाम्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. २० बाटल्या म्हणजे १५ लिटर गार द्रव, तोच तुमचा बर्फ. दार उघडू नका. वीज परत येताना व्होल्टेज उड्या मारतं, म्हणून स्टॅबिलायझर.

आणि दादाचं काय ठरलं? ओटा ३२ इंचांचाच होतोय. चौथरा आहे तसा. फ्रिज ३० सेंटिमीटर रुंदीचा, पुढून उष्णता टाकणारा, आणि तो बसतोय माजघरात, भांड्यांच्या कपाटाच्या फळीखाली. तिथे शेगडी नाही, ऊन नाही, धुणंपुसणं कमी, भिंत चिऱ्याची. यंत्राने टाकलेली उष्णता तिथे विरून जायला जागा आहे. स्वयंपाकघरापेक्षा तिथे त्याला वर्षभर कमी राबावं लागेल.

बोस्टनहून बर्फ आला, लंडनमध्ये पेटंट निघालं, विक्रोळीत फ्रिज झाला, पण घरातली सगळ्यात गार जागा कुठली हे चिऱ्याची भिंत बांधणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. आपण फक्त प्लग पॉइंट काढायचा.

तुमच्या घरात अशी गार जागा कुठली आहे? आज दुपारी तीन वाजता घरभर अनवाणी फिरून बघा, पायाला कळेल. मग मला कळवा. पुढच्या भागात मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यांकडे वळू. तोपर्यंत काळजी घ्या, भेटू!